प्रेक्षकांची टाळी

गेल्या महिन्यांत पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरांत आम्ही एका नव्या नाटकाचा प्रयोग पाहत होतों. शेवटचा प्रवेश संपला, पडदा पडला आणि क्षणाचाहि विलंब न लागतां सारें नाट्यगृह उभें राहून टाळ्या वाजवूं लागलें. आम्ही मात्र खुर्चींत तसेच बसून राहिलों. शेजारच्या गृहस्थांनीं टाळ्या न थांबवितां आमच्याकडे वळून पाहिलें आणि विचारलें, “आपल्याला आवडलेलं दिसत नाहीं?” नाटक आम्हांला फार आवडलें होतें, इतकें कीं त्या शेवटच्या प्रवेशांतून बाहेर येण्यास थोडा अवधि हवा होता. पण हें सांगावयाचें कसें? टाळ्यांच्या गजरांत कोणाची कारणमीमांसा ऐकूं येत नाहीं. आम्ही ओशाळून उठलों, चार टाळ्या वाजविल्या आणि गर्दीबरोबर बाहेर पडलों. तेव्हांपासून हा टाळीचा विषय मनांत घोळत आहे, आणि तो मनांतून काढून टाकण्याचा आम्हांला ठाऊक असलेला उपाय एकच, तो म्हणजे त्यावर लिहिणें.

तसें पाहिलें तर टाळी ही आपली जन्मापासूनची सोबतीण आहे. तान्ह्या मुलाला पहिली विद्या शिकवितात ती टाळीची. शेतांतलीं पांखरें उडवावयाचीं तीं टाळीनें. मित्राचा विनोद साधला म्हणजे ‘दे टाळी’ म्हणून हात पुढें यावयाचा. आणि घरच्या आरतीला ज्याच्या हातीं झांज नसेल त्यानें टाळी धरावयाची. यांतील शेवटची टाळी विचार करण्यासारखी आहे. देवाच्या कर्तबगारीवर खूष होऊन ती कोणी वाजवीत नाहीं. ती तालाची टाळी. वाजविणारा स्वतः त्या आरतींत सामील असतो. कीर्तनांत बुवा नामाचा गजर करवितात तेव्हां श्रोतेहि बुवांना शाबासकी देत नसतात, त्यांच्याबरोबर गात असतात. हीच टाळी नाटकगृहांत शिरली कीं आपला धर्म बदलते. तेथें ती निकाल देऊं लागते; देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष पडतात. ‘अमक्या वाक्याला त्यानें टाळी घेतली’ असें नटमंडळी बोलतात तें यामुळेंच. आणि जी वस्तु घेतां येते ती मागतां येते, प्रसंगीं विकतहि आणतां येते, हें ओघानेंच आलें.

विकतच्या टाळीचा इतिहास बराच जुना आहे. रोमचा बादशहा नीरो याला गाण्याचा आणि रंगभूमीचा भारी नाद. स्युटोनियस या चरित्रकारानें लिहून ठेविलें आहे कीं, अलेक्झांड्रियाच्या लोकांच्या तालबद्ध टाळ्या ऐकून नीरो लुब्ध झाला आणि त्यानें ५,००० हून अधिक तरुण निवडून त्यांना टाळ्यांचें रीतसर शिक्षण देवविलें. त्या टाळ्यांचे प्रकार तीन; त्यांना नांवें मधमाश्यांच्या गुंजारवावरून, कौलांवरून आणि विटांवरून दिलेलीं होतीं. बादशहाचें गाणें चालू असतां बाहेर जाण्याची सर्वांना मनाई असे. तेव्हां कांहीं जण मेल्याचें सोंग करून आपलें प्रेत बाहेर नेववीत, असेंहि हा चरित्रकार सांगतो. पुढें एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या ऑपेरागृहांत या कलेचा धंदा झाला. १८३० नंतरच्या दशकांत तेथें ऑग्युस्त या नांवानें ओळखला जाणारा एक इसम टाळीवाल्यांचा नायक होता. तो तालमींना हजर राही आणि कोठें किती टाळी पाडावयाची तें आधींच ठरवून ठेवी. अशा टोळ्यांतून हंसणारे निराळे, रडणाऱ्या बायका निराळ्या आणि ‘पुन्हां एकदां’ म्हणून ओरडणारे निराळे, अशी कामाची वांटणीहि असे.

या हकीकती वाचून आपण हंसतों. पण आपली फुकटची टाळी तरी कितपत स्वतंत्र आहे? दूरचित्रवाणीवर घरोघर पाहिलेला नट रंगमंचावर नुसता पाऊल टाकतो आणि टाळ्या पडतात. त्यानें अद्याप एक शब्दहि उच्चारलेला नसतो. त्याच्या पुढ्यांत उभा असलेला नवखा नट मात्र तेवढा वेळ वाक्य तोंडांत धरून ताटकळत राहतो. ही प्रवेशाची टाळी. निर्गमनाची टाळी याहून कसबाची. तिच्यासाठीं नट दाराशीं क्षणभर थबकतो, मान वळवितो आणि ठेवणींतलें वाक्य फेंकून आंत जातो. तिसरी टाळी वाक्याची. आई, मातृभूमि, गरिबी आणि पुढाऱ्यांचा ढोंगीपणा हीं या टाळीचीं हुकमी क्षेत्रें होत. अशी टाळी एकदां मिळाली कीं दुसऱ्या प्रयोगापासून नट त्या वाक्यापूर्वीं श्वास घेऊन उभा राहतो आणि तिसऱ्या नाटकापासून नाटककार त्या श्वासासाठीं जागा सोडून लिहूं लागतो. येथें कोणीहि कोणाला पैसे दिलेले नसतात; तरी व्यवहार झालेला असतो.

भरतमुनींना ही सारी भानगड ठाऊक होती असें दिसतें. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय नाट्याच्या सिद्धीसंबंधीं, म्हणजे आजच्या भाषेंत प्रयोग रंगण्यासंबंधीं आहे. भरतानें सिद्धि दोन प्रकारची मानिली आहे, मानुषी आणि दैवी. मानुषी सिद्धींत प्रेक्षकांच्या वाणीनें आणि शरीरानें होणारे उद्गार येतात. कोणी स्मित करतो, कोणी मोठ्यानें हंसतो, कोणी ‘साधु’ म्हणतो, कोणी ‘अहो’ म्हणतो, करुण प्रसंगीं कोणी हळहळतो. कोणाच्या अंगावर रोमांच येतात, कोणी जागेवरून उठतो, कोणी अंगावरचें वस्त्र किंवा बोटांतली अंगठी नटाकडे टाकतो. हें सर्व त्यानें बारकाईनें नोंदलें आहे आणि त्याला कोठेंहि हिणकस म्हटलेलें नाहीं. परंतु दैवी सिद्धि म्हणून जी तो सांगतो ती अशी कीं, जेथें शब्द नाहीं, क्षोभ नाहीं, कसलाहि उत्पात नाहीं आणि रंगगृह पूर्ण भरलेलें आहे. भरलेलें पण निःशब्द! रिकाम्या नाटकगृहांतली शांतता कोणालाहि मिळते; भरलेल्या नाटकगृहांतली शांतता ही देवांची देणगी. याच अध्यायांत प्रयोगाला होणाऱ्या घातांचीहि यादी आहे. मत्सरानें किंवा वैरानें प्रतिपक्षाचे लोक अतोनात हंसतात, रडतात, आरडाओरड करतात, रंगावर शेण, ढेंकळें, इतकेंच काय पण मुंग्यादेखील फेंकतात, असें तेथें म्हटलें आहे. या मुंग्यांकडे आम्हांला पुढें परत यावयाचें आहे.

कालिदासानें शाकुंतलाच्या प्रस्तावनेंत हीच दैवी सिद्धि एका प्रसंगांत आणून ठेविली आहे. नटी ग्रीष्मऋतूचें गाणें गाते आणि सूत्रधार पाहतो तों सारी सभा चित्रांत काढल्यासारखी तटस्थ. कोणी वाहवा केल्याचा उल्लेख नाहीं. सूत्रधार स्वतः इतका हरपून जातो कीं आज कोणतें नाटक करावयाचें याचाच त्याला विसर पडतो.

मग टाळीला बंदीच करावी कीं काय? तोहि प्रयोग होऊन गेला आहे. १८८२ सालीं जर्मनींत बायरॉइट येथें वाग्नरचें ‘पार्सिफाल’ हें संगीतनाटक प्रथम रंगभूमीवर आलें. त्याचें गांभीर्य बिघडूं नये म्हणून दुसऱ्या अंकानंतर नटांनीं पडद्यापुढें येऊं नये, अशी वाग्नरची इच्छा होती. प्रेक्षकांनीं तिचा अर्थ टाळी मुळींच वाजवावयाची नाहीं असा घेतला. पुढें एका प्रयोगांत पुष्पकन्यांच्या गाण्यावर खूष होऊन खुद्द वाग्नरनेंच शाबासकीची आरोळी दिली, तेव्हां आसपासच्या भक्तांनीं त्यालाच दटावून गप्प केलें. हुकमानें पाळलेली शांतता ही हुकमी टाळीचीच सख्खी बहीण होय.

खरी शांतता कशी असते तें १८९८ च्या डिसेंबरांत मॉस्को येथें दिसलें. चेकॉव्हचें ‘सी-गल’ हें नाटक दोन वर्षांपूर्वीं पीटर्सबर्ग येथें प्रेक्षकांच्या टिंगलींत बुडालें होतें. मॉस्कोंतील नव्या नाटकमंडळीनें तें पुन्हां करावयास घेतलें. पहिल्या अंकाचा पडदा पडला आणि नाटकगृहांत सामसूम. पडद्यामागें नटांना वाटलें, सर्व आटोपलें. कित्येकांना रडूं आवरेना. ती सामसूम लांबतां लांबतां एकाएकीं फुटली आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला कीं पडदा उघडला तेव्हां नटांना नमस्कार करण्याचेंहि भान राहिलें नव्हतें. त्या दोन क्षणांतील अंतर घड्याळानें मोजलें तर फार भरणार नाहीं. परंतु टाळीचें मोल त्या अंतरानेंच ठरतें, असें आमचें मत आहे.

आमच्या मराठी संगीत रंगभूमीनें या अंतराची फारशी पर्वा केली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें शाकुंतल पुण्यास झालें तेव्हांपासून पद आणि ‘वन्समोअर’ यांची जी गांठ पडली ती सुटली नाहीं. एकेक पद तीन-तीन, चार-चार वेळां घोळून म्हणावयाचें. कथानकानें तेवढा वेळ विंगेंत थांबावयाचें. आणि प्रेक्षकांनीं रात्र सरत आल्यावर घरीं जावयाचें, असा तो खाक्या होता. नायिका विरहानें व्याकुळ झालेली असतां तिनें चौथ्यांदा व्याकुळ व्हावें असा आग्रह धरणाऱ्या रसिकाला कथानकाची काळजी नव्हती, हें उघड आहे. तरीहि आम्हांला त्या रसिकाचा राग येत नाहीं. टाळीनें तो नुसता निकाल देत नसे. तो पदाच्या पुनर्जन्मांत भाग घेई. पुन्हां म्हटलेलें पद पहिल्यासारखें नसे. गवयाला नवी जागा सुचे आणि ती सुचण्यांत समोरच्या पिटाचा वांटा असे. १९२१ च्या जुलै महिन्यांत मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनीं मिळून ‘मानापमान’ केलें. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक भामिनी आणि धैर्यधर होऊन एका रंगभूमीवर उभे राहिले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत केशवराव अवघे एकतीस वर्षांचे असतांना वारले. पुन्हां तसा योग येणें नव्हतें. ‘पुन्हां एकदां’ ही मागणी रात्रीं मान्य होते, आयुष्यांत होत नाहीं, हें त्या रात्रींच्या प्रेक्षकांना तीन महिन्यांत कळून चुकलें.

पण ‘मानापमाना’च्या टाळ्यांचा विचार करूं लागलों कीं आम्हांला त्याच्या दहा वर्षें आधींचा प्रसंग आठवतो. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस त्या नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता आणि त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग पुढें ढकलावा असें सुचविलें गेलें. त्यांनीं तें मानलें नाहीं. बावीस वर्षांचा तो बाप भामिनीचा शृंगार करून उभा राहिला आणि लोकांनीं त्याच्या पदांवर टाळ्या दिल्या. त्या टाळ्या त्याला कशा ऐकूं आल्या असतील? आपण टाळी वाजवितों ती पात्रासाठीं. ती पडते माणसाच्या कानांवर, आणि त्या माणसाच्या मनांत त्या वेळीं काय चाललें आहे याचा आपल्याला सुगावाहि नसतो. टाळीसंबंधीं नम्र होण्यास एवढी एकच गोष्ट पुरे आहे.

उलट, टाळीवांचून नटाचें चालत नाहीं हेंहि तितकेंच खरें. समोरच्या दिव्यांमुळें रंगमंचावरून प्रेक्षक बहुधा दिसत नाहीं. अंधारांतून येणारा आवाज हीच काय ती नटाला मिळणारी बातमी. मार्च २०२० मध्यें साथीमुळें नाट्यगृहें बंद पडलीं. त्याच महिन्याच्या २२ तारखेस संध्याकाळीं पांच वाजतां देशभर लोक सज्जांत येऊन डॉक्टर-परिचारिकांसाठीं टाळ्या वाजवीत होते आणि टाळीचें जें माहेरघर तेथें कुलूप होतें! पुढें २२ ऑक्टोबर २०२१ पासून महाराष्ट्रांतील नाट्यगृहें निम्म्या आसनांवर पुन्हां उघडलीं. त्या दिवसांतील एका प्रयोगाला आम्ही गेलों होतों. एकाआड एक खुर्ची रिकामी, तोंडाला फडकें बांधलेलें, हंसूंहि धड ऐकूं येईना. तेव्हां लोकांनीं अगदीं साध्या वाक्यांनासुद्धां टाळ्या दिल्या. त्या टाळ्यांत परीक्षण मुळींच नव्हतें. ‘आम्ही आहोंत’ एवढेंच त्या सांगत होत्या. १९०४ सालीं लंडनमध्यें बॅरीच्या ‘पीटर पॅन’ नाटकांत मरणोन्मुख परीला वांचविण्यासाठीं प्रेक्षकांना टाळ्या वाजविण्याची विनंती केली होती. न जाणो, कोणी वाजविल्या नाहींत तर वादकांनीं तरी वाजवाव्या, अशी तजवीजहि नाटककारानें करून ठेविली होती. तजवीज लागली नाहीं. आरतीची टाळी नाटकगृहांतून समूळ गेलेली नाहीं, असें अशा वेळीं वाटतें.

येथवर आम्हीं प्रेक्षकांना शहाणपण शिकविलें. आतां त्या रात्रींची राहिलेली हकीकत सांगितली पाहिजे. ती आम्हीं अर्धीच सांगितली आहे.

आम्ही महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षाला असतांना स्नेहसंमेलनांत एक ऐतिहासिक नाटक झालें. आमच्याच वर्गांतला एक सालस, अबोल मुलगा त्यांत दूत झाला होता. त्याला चार वाक्यें होतीं. तो आला, त्यानें मुजरा केला, पहिलें वाक्य म्हटलें आणि त्याची दातखिळी बसली. विंगेंतून पुढचे शब्द पुरविले जात होते ते आम्हांला मागच्या बाकांवर ऐकूं येत होते. त्याला ऐकूं येत नव्हते. सभागृह गप्प होतें. आणखी दोन क्षण तें तसेंच गप्प राहतें तर कदाचित् त्याला वाक्य सुचतें. पण आम्ही एकोणीस वर्षांचे होतों, भोंवतीं मित्र होते, आणि आम्हीं टाळी वाजविली. एक, मग थांबून दुसरी, मग तिसरी. लगोलग मागचे सर्व बाक त्या संथ ठेक्यांत सामील झाले. २००० सालीं ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत टाळ्यांवर एक निबंध आला होता. लोक एका ठेक्यांत टाळ्या वाजवूं लागले म्हणजे प्रत्येकाचा वेग सुमारें निम्म्यावर येतो आणि एकंदर आवाजहि सरासरीनें कमी होतो, असें त्यांत दाखविलें आहे. तो वाचतांना आम्हांला तें सभागृह आठवलें. उत्साह कमी आणि एकी मोठी, अशी ती टाळी होती. भरताच्या काळीं लोक मुंग्या फेंकीत. आम्हीं टाळी फेंकली. तो मुलगा उभा राहिला, मग वळला आणि आंत गेला. त्यानंतर महाविद्यालयाच्या कोणत्याहि नाटकांत तो दिसला नाहीं. पहिली टाळी कोणाची होती हें कोणाला ठाऊक नसावें, अशी आमची पस्तीस वर्षें समजूत होती.

त्या रात्रीं रंगमंदिराच्या आवारांत चहा घेत असतां पाठीवर थाप पडली. “ओळखलंस का रे, प्रोफेसर?” केंस पिकले होते, पण ओळखूं आला. नोकरींतून वेळेआधीं निवृत्त झालेला. बरोबर पत्नी आणि कॉलेजांत जाणारी मुलगी. नाटकाविषयीं चार शब्द झाले आणि तो मुलीला म्हणाला, “अगं, हे माझे वर्गमित्र. यांनीं मला एकदां वांचवलं होतं.” आणि त्यानें ती संमेलनाची गोष्ट सांगितली. सगळीकडे चिडीचूप, तोंडांतून शब्द फुटेना, पाय उचलेना, आणि तेवढ्यांत मागून टाळी. “मला वरून दिसत होतास तूं. तूं सुरू केलीस. त्या आवाजानंच मला पाय फुटले. नाहींतर मी तिथंच कोसळलों असतों बघ.” मुलीनें आमच्याकडे मोठ्या आदरानें पाहिलें.

खरें तें सांगण्यास तोच क्षण होता. वाक्य ओंठांवर आलें होतें. तेंहि चार शब्दांचेंच होतें. आम्ही म्हणालों, “छे, त्यांत काय एवढं!” आणि हंसलों. ठेवणींतलें वाक्य फेंकून निर्गमनाची टाळी घेणारा नट निराळें काय करतो? न केलेल्या कामाची दाद आम्हीं दोन्ही हातांनीं घेतली, आणि चहाचे पैसे देण्याचा मात्र आग्रह धरला.

तो खरोखरच तसें समजतो, कीं सर्व ओळखून, मुलीच्या देखत, त्यानें आम्हांला मोकळें केलें, हें आम्हांला अजून उलगडलेलें नाहीं. दुसरें खरें असेल तर त्याच्याएवढा नट आम्हीं आजवर पाहिलेला नाहीं, आणि त्याला आम्हीं एकोणिसाव्या वर्षीं रंगभूमीवरून घालविलें. पहिलें खरें असेल तर त्याच्या एका सुखद आठवणीचें मोल आमच्या कबुलीहून अधिक आहे कीं काय, हा विचार आम्हांला बरेच दिवस अडवून बसला होता. पण तो विचार आमच्या सोयीचा आहे हें लक्षांत आल्यावर त्यावर विश्वास ठेवणें कठीण झालें.

निरोप घेतांना त्यानें सांगितलें कीं हें मासिक त्याच्या घरीं येतें आणि आमचें लिखाण तो वाचतो. तेव्हां हाहि निबंध तो वाचील. त्यावर त्याला जें म्हणावयाचें असेल तें ऐकून घेण्यास आम्ही तयार आहोंत. आणि तो पुष्कळ दिवस कांहींच बोलला नाहीं, तर त्या स्तब्धतेचा अर्थ लावण्याची घाई या खेपेस आम्ही करणार नाहीं.